पुलावर नवरदेव मागे जात नाही

“मागं घे! अबे, मागं घे म्हणतो ना! समोर नवरदेव हाय, दिसत नाही का तुले?”

गुलाबी फेटा बांधलेला एक आडदांड माणूस आमच्या गाडीच्या बोनेटवर थापा मारून ओरडत होता. थापा अशा की बोनेटवरच्या झेंडूच्या माळा दर थापेला वीतभर वर उडत होत्या, आणि खाली नदीत पाणी पिणाऱ्या म्हशी माना वर करून पाहत होत्या.

आमच्या ड्रायव्हरनं काच खाली केली, तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि तितक्याच जोरात सांगितलं, “तुले दिसत नाही का? इकडंबी नवरदेवच हाय!” आणि अंगठ्यानं मागची सीट दाखवली.

मागच्या सीटवर मी होतो. पांढरा कोट, पांढरी पँट, गळ्यात हार, आणि उन्हानं अशी अवस्था की हारातला गुलाब माझ्याआधी म्हातारा झालेला. मी फेटेवाल्याला हात जोडून नमस्कार केला. लग्नाच्या दिवशी माणूस जो दिसेल त्याला नमस्कार करतो. त्यालाही सवयीनं नमस्कार करावा लागला, आणि त्यामुळे त्याच्या दोन-तीन थापा वाया गेल्या.

आमची गाडी पुलाच्या बरोबर मधोमध उभी होती. समोर नाकाला नाक लावून त्यांची गाडी. दोन्हींच्या मध्ये एवढीच जागा की एखादी बारीक बकरी आडवी गेली असती, पण गाभण असती तर अडकली असती. आमच्या मागे आमच्या पाहुण्यांनी भरलेली मिनी बस, त्यांच्या मागे त्यांच्या पाहुण्यांनी भरलेली. मे महिना, दुपार, आणि पुलाचा दगड इतका तापलेला की कठड्यावर कोणी पोळी टाकली असती तर दोन्ही बाजूंनी भाजून निघाली असती.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर समोरची पार्टी केस टाकेल. नागपूरहून तासाभरावर, गोऱ्यांच्या छावणीसाठी वसलेलं आमचं गाव, आणि त्यांनीच नदीवर बांधलेला हा दगडी कमानींचा पूल, एवढं पुरे.

या पुलाची रुंदी कशी ठरली, याच्या आमच्या गावात जितकी घरं तितक्या कथा आहेत. शाळेत गुरुजी सांगायचे की एक तोफ आणि तिच्या बाजूनं एक घोडा जाईल एवढी रुंदी ठेवली. मला स्वतःला खरं वाटतं ते असं, की साहेबानं पुलाच्या जागेवर आपल्या मडमेला उभं केलं, तिच्या घेरदार झग्याचं माप घेतलं आणि म्हणाला, हिच्या दोन्ही बाजूंनी कुत्रं जाऊ शकलं की पुष्कळ झालं. चुन्यात गूळ आणि बेलाचा गर घातला होता, हे तर गावातलं शेंबडं पोरही सांगेल. कोणाच्या घरचा गूळ, यावरून मात्र दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद आहे. उन्हाळ्यात आजही पुलाला मुंग्या लागतात. खोटं वाटत असेल तर जाऊन कठडा चाटून पाहा.

आता शेजारी नवा पूल झालाय. त्यावरून चार गाड्या एकमेकींकडे ढुंकूनही न पाहता जातात. जुन्यावर आता फक्त पायी फिरणारी माणसं आणि सेल्फीवाले. पण माझ्या लग्नाच्या वेळी नव्या पुलाचे नुसते खांब उभे होते, आणि सगळं गाव या एकाच पुलावरून, एका वेळी एकाच दिशेनं जात होतं. त्यामुळे या पुलाला स्वतःचा कायदा होता. कुठं लिहिलेला नाही, पण कोर्टाच्या कायद्यापेक्षा जास्त पाळला जाणारा.

रिकाम्या गाडीनं भरलेल्या गाडीला वाट द्यायची. ट्रकनं बैलगाडीला द्यायची, कारण बैलाला रिव्हर्स नसतो. तिरडीला सगळ्यांनी द्यायची. आणि दवाखान्यात निघालेल्या बाईला तिरडीनंसुद्धा द्यायची, कारण मेलेल्याला घाई नसते. पायी चालणाऱ्यांसाठी कठड्यात प्रत्येक खांबावर अर्धगोल जागा काढलेल्या होत्या. आम्ही त्यांना कोनाडे म्हणायचो. गाडी आली की कोनाड्यात शिरायचं, गेली की बाहेर यायचं.

आणि या सगळ्यांवरचं कलम : पुलावर नवरदेव मागे जात नाही. मागे गेला तर लग्न उलटं पडतं म्हणायचे. एकदा एका मोठ्या साहेबाची लाल दिव्याची गाडी अर्ध्या पुलावरून नवरदेवासाठी मागे गेली होती, आणि नवरदेव होता सायकलवर. हे मी पाहिलेलं नाही, पण पाहणाऱ्या इतक्या जणांना भेटलोय की त्या दिवशी पुलावर उभं राहायला जागा कशी उरली, याचंच नवल वाटतं.

पुलाच्या दोन्ही टोकांना माणूस ठरवलेला नव्हता, पण होता. अलीकडे चहाच्या टपरीवाला, पलीकडे पानठेलेवाला. समोरून कोणी निघालं की एकानं दुपट्टा हलवायचा, दुसऱ्यानं इकडच्या गाड्या थांबवायच्या. त्या दुपारी आमच्या चहावाल्यानं माझी सजवलेली गाडी पाहिली आणि दुपट्ट्याकडे न पाहताच ओरडला, “नवरदेव हाय, जाऊ द्या!” त्याच घटकेला पलीकडच्या पानठेलेवाल्यानं त्यांची सजवलेली गाडी पाहिली, आणि तोही तेच ओरडला. दोघंही कायद्यानं वागले. कायदा करणाऱ्यांनी दोन नवरदेवांचा विचारच केला नव्हता.

तर आता पुलावर दोन नवरदेव.

“हे पाय भाऊ,” फेटेवाला माझ्या खिडकीशी आला. तो त्यांच्या नवरदेवाचा मामा होता, मौद्याकडचा मोठा शेतकरी, आणि आवाजावरून तरी मोठा. “आमचा मुहूर्त टळून राहिला. तिकडं महाराज अंतरपाट धरून उभा हाय. तुमी मागं घ्या, आमी निघतो, मग तुमी या आरामात.”

“त तुमी घ्या ना मागं,” आमचा ड्रायव्हर म्हणाला. “आरामात या.”

“नवरदेव मागं जात नाही!”

“हाव ना. तेच त मी म्हणून राहिलो.”

हा संवाद दोघांनी जसाच्या तसा चारदा म्हटला. मग त्यांच्या बसमधली माणसं उतरली, आमच्या बसमधली उतरली, आणि तोच संवाद पन्नास जण म्हणू लागले. त्यांच्या बँडवाल्यांना वाटलं वरात पोहोचली, म्हणून त्यांनी बसच्या टपावरूनच वाजवायला सुरुवात केली. आमच्यातले दोन मेहुणे नाचायलाही लागले, मग त्यांना आठवलं की बँड आपला नाही.

माझा फोन वाजला. नवरीचा मेसेज. लग्नाचं लॉन पूल उतरलं की लगेच डाव्या हाताला होतं, आणि ती वरच्या गच्चीवरून पाहत होती. लिहिलं होतं, “पुलावर दिसून राहिले. काहून थांबले?”

मी लिहिलं, “समोर एक नवरदेव आलाय.”

तिचं उत्तर आलं, “त्याले म्हणा, मी एकच सांगितला होता.”

तेवढ्यात मामाच्या डोक्यात कायद्याचा एक नवा मुद्दा आला, आणि तो त्यानं सगळ्या पुलाला ऐकू जाईल असा मांडला. “अरे, पण तुमच्यात त मुहूर्त-बिहूर्त काही पाहत नाहीत ना? तुमचं काय, आता नाही त घंट्यानं! मग तुमाले मागं जायले काय होते?”

बोलला तो खरं. आमचं लग्न बौद्ध पद्धतीचं, मुहूर्त वगैरे काही नाही. पण खरं बोलायलाही एक आवाज लागतो, आणि त्याचा आवाज तो नव्हता. आमच्या बसच्या खिडकीतून माझी आत्या गरजली, “मुहूर्त नाही म्हणून टाइमबी नाही का गा आमाले? भंतेजी सकाळपासून बसून हायेत! आन आमच्या पोट्ट्याचं लगन काय शिळं होऊन राहिलं का?”

आणि मग बसमधून आबाजी उतरले.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. वडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं ते आबाजींनी आणि या आत्यानं. ऐंशीच्या आसपासचे, काटकुळे, स्वच्छ पांढरा सदरा-धोतर. बोलायचे कमी. बसच्या मधल्या वाटेत जास्तीचे पाहुणे बसवायला प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या, त्यांतली एक त्यांनी बगलेत मारली होती. दोन गाड्यांच्या नाकांमध्ये जी बकरीची जागा होती, तिथं त्यांनी ती आडवी बसवली, आणि तिच्यावर बसले.

पन्नास तोंडं त्यांच्याकडे वळली, बँड थांबला. बँडवाल्यांचा एक ढोलवाला तेवढा आणखी थोडा वेळ वाजवत राहिला, त्याला कमी ऐकू येत असावं.

“आबाजी,” मामा जरा मऊ झाला, “उन्हात काहून बसता? मधातून उठा. इथं कोनाडा हाय, सावलीत बसा.”

“कोनाडा मले माहीत हाय,” आबाजी म्हणाले.

मग ते जे बोलले, ते मी जसंच्या तसं सांगतो. इथं माझी काही भर नाही, कारण इथं भर घालायला जागाच नाही.

“मी लहान होतो तवा बापाच्या मागं मागं या पुलावरून जात जावो. समोरून तुमच्याकडला कोणी मोठा मानूस आला की बाप मले घेऊन कोनाड्यात घुसे. त्यानं जवळून जावं तवा आमची सावली त्याच्यावर पडू नये म्हणून. डोक्यावर ओझं असो, पाणी पडून राहिलं असो. एका फेरीत किती वेळा घुसत जावो, त्याचा हिशेब नाही. बाप म्हणे, पूल सरळ हाय लेका, आपणच वाकडे चाललो. मग दीक्षेले निघालो तवा आमची सगळी वस्ती पांढरे कपडे घालून या पुलावरून पायी नागपूरले गेली. मधातून. त्या दिवसापासून मी कोनाड्यात पाय टाकला नाही.” त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. “आज माह्या नातवाची वरात हाय. ते मागं गेली, त मी या लग्नात नाही.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी जा. लगन करा. मी घरी जातो.”

मला माहीत होतं, ते जातील. आबाजींनी कोनाड्यात पाय न टाकणं हे सगळ्या गावानं पाहिलेलं होतं. ट्रक मागे भोंगा वाजवत राहायचा आणि आबाजी आपल्या चालीनं पुलाच्या मधून चालत राहायचे. एकदा दुधाचा टँकर त्यांच्या मागे सापडला, तर पलीकडे पोहोचेपर्यंत त्यात दही लागलं होतं. गावात त्यांना हट्टी म्हणत. हट्टामागचं कारण त्यांनी आम्हाला, घरच्यांनासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं. ते असं मामाला सांगताना मी ऐकलं, गळ्यात हार घालून.

आता माझी गोष्ट सरळ होती. गाडी मागे घेतली तर लग्न होईल, पण मला ज्यांनी उभं केलं तेच मांडवात नसतील. नाही घेतली तर आबाजी असतील, पण मांडव संध्याकाळपर्यंत पुलावरच घालावा लागेल.

मामानं फेटा काढला आणि टक्कल पुसलं. फेट्याशिवाय तो एकदम अर्धा झाला. “ते जुनं झालं आबाजी,” तो हळू म्हणाला.

“जुनं झालं ना? मग तुमी घ्या मागं.”

मामानं मान मागे वळवून आपल्या गाडीकडे पाहिलं. तिथं त्याचा भाचा सोनेरी शेरवानीत बसला होता आणि मुंडावळ्यांच्या आडून फोनवर कोणाला तरी सांगत होता, “येऊन राहिलो ना वं, येऊन राहिलो... पुलावर हाय... नाही वं, पळून कुठं जाईन, दोन्हीकून रस्ता बंद हाय!”

आणि इथं आत्या उतरली.

माझ्या आत्याची ओळख करून देताना कमी बोललं तर तिचा अपमान होईल. ती नागपूरजवळच्या वाडीला राहते. तिथं ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे तिची मेस आहे, आणि अख्ख्या अमरावती रोडचे ट्रकवाले तिच्या हातची आलू-वांग्याची भाजी खाऊन कलकत्त्यापर्यंत जातात. मेसचं अंगण लहान आणि ट्रक मोठे, त्यामुळे भाकरी थापता थापता ट्रक मागे लावून देणं हा तिचा रोजचा धंदा. ओट्यावरून नुसतं ओरडते, “येऊ दे, येऊ दे, डावा काट, येऊ दे, बस्स!” आणि ट्रक भिंतीपासून बोटभर अंतरावर थांबतो. पंजाबचे ड्रायव्हर म्हणे घरी गेल्यावर आपल्या गॅरेजमध्ये गाडी लावताना डोळे मिटतात आणि आत्याचा आवाज आठवतात.

तर ती उतरली ती भांडायला नव्हे. तिला उकडत होतं. आमच्या मिनी बसचा पंखा फक्त ड्रायव्हरकडे पाहायचा. हातात तिची ती कापडी पिशवी, ज्यात नवरीसाठी नेलेलं सगळं काही आणि शिवाय एक छोटा गॅस सिलिंडरही असावा असा आमचा संशय असे. ती आबाजींच्या खुर्चीला वळसा घालून गेली, मामाला “जरासे सरका गा भाऊ” म्हणाली, समोरच्यांच्या गाडीचं पुढचं दार उघडलं आणि आत बसली. दार लावलं. एसीची जाळी स्वतःकडे वळवली.

“अवं बाई!” मामा धावला. “हे आमची गाडी हाय!”

“मी कुठं म्हणते माही हाय म्हणून?” आत्या काच खाली करून म्हणाली. “मले तिकडं जायचं हाय, लॉनवर. माह्या भाच्याचं लगन हाय. तुमाले भांडायचं असन त भांडा, मी जातो म्हणते.” आणि त्यांच्या ड्रायव्हरकडे वळली. “चाल बापू. लाव रिव्हर्स.”

“पण आमाले मागं जायचं नाही!”

“तुमाले कोण म्हणते जा म्हणून? तुमी उतरा ना! गाडी मागं जाईन, मी पुढं जाईन.”

खाली पाणी पिणाऱ्या म्हशींनीसुद्धा पुन्हा माना वर केल्या.

मी माझ्या आयुष्यात बरेच हुशार लोक पाहिलेत. पण एवढं मोठं भांडण एका वाक्यात असं उलटं करून ठेवताना कोणालाच पाहिलं नाही, आणि आत्याला आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. ती एसीसमोर पदर धरून बसली होती.

आधी कळलं ते त्यांच्या नवरदेवाला. त्यानं फोन खिशात टाकला, दार उघडलं आणि उतरला. मामा म्हणाला, “तू कुठं चालला?”

“तिकडं,” तो आमच्या गाडीकडे बोट करून म्हणाला. “ते गाडी मागं जाईन त मी आपल्या लग्नाकडं जाईन.”

“त्याईच्या गाडीत?”

मामाच्या त्या दोन शब्दांत बरंच काही होतं, आणि पुलावरच्या सगळ्यांना ते ऐकू आलं. आमच्या गाडीवर दोन निळे झेंडे लावलेले होते. नवरदेवानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मामाकडे. “मामाजी,” तो म्हणाला, “मले लगन करायचं हाय. पूल जिंकायचा नाही. तुमाले यायचं असन त या, नाही त पायी या.”

मी माझ्या दारातून उतरलो. गाड्यांच्या नाकांपाशी आम्ही दोन नवरदेव समोरासमोर आलो. तो सोनेरी, मी पांढरा. दोघं घामानं सारखेच. “काँग्रॅच्युलेशन,” तो म्हणाला. “सेम टू यू,” मी म्हणालो. आणि तो माझ्या गाडीत जाऊन बसला, मी त्याच्या.

त्यानंतर त्या पुलावर जे झालं, ते मडमेच्या झग्यापासून आजवर कधी झालं नसेल. दोन्ही बसमधली माणसं खाली उतरून एकमेकांच्या बसकडे निघाली. समोरासमोर आली की दोन्हीकडचे लोक एकदम कोनाड्यात शिरून म्हणायचे, “तुमी व्हा पुढं.” “नाही नाही, तुमी.” “अवं, मुहूर्त तुमचा हाय ना, व्हा!” काही कोनाड्यांत तर दोन्हीकडचे लोक एकदम शिरून अडकले. त्यांच्या एका काकूनं आमच्या काकूच्या हातातलं पोर धरलं, तेवढ्यात आमच्या काकूनं तिची पातळाची घडी सांभाळली, आणि दोघी चुकून एकाच बसमध्ये चढल्या. त्या काकूला आम्ही जेवण करून संध्याकाळी परत पाठवलं. नाही म्हणायला बँड ज्याचा त्यालाच मिळाला, पण आमचा झांजवाला तिकडे राहिला तो तिकडेच. तो आज त्यांच्याकडे वाजवतो.

आबाजी उठले. खुर्ची बगलेत मारली आणि पुलाच्या मधून त्यांच्या गाडीकडे निघाले. समोरून मामा येत होता, आमच्या गाडीकडे, हातात फेटा. अर्ध्या वाटेवर दोघं समोरासमोर आले. डाव्या हाताला कोनाडा होता, उजव्या हाताला कोनाडा होता. कोणीच हललं नाही. मग दोघांनी एकदम पोट आत घेतलं, दोघं आडवे झाले, आणि छातीला छाती घासत, पुलाच्या मधूनच, दोघं पार झाले. आबाजींना पोट नव्हतंच, त्यामुळे सगळं काम मामालाच करावं लागलं.

मागे आमची बस त्यांची माणसं घेऊन मागे निघाली, पुढे त्यांची बस आमची माणसं घेऊन मागे निघाली. मग आमची गाडी त्यांच्या नवरदेवाला घेऊन. शेवटी आम्ही. आत्या अर्धी खिडकीबाहेर, आणि तिचा तो आवाज अख्ख्या नदीवर : “येऊ दे, येऊ दे, डावा काट, येऊ दे!” माझ्या शेजारी आबाजी ताठ बसलेले, मांडीवर खुर्ची. त्यांची पाठ लॉनकडे होती, पण ते जात लॉनकडेच होते. मधेच ते मला म्हणाले, “एसी बरा हाय.”

पूल उतरला तरी ड्रायव्हर थांबला नाही. त्याला आत्याच्या आवाजाची अशी लय लागली होती की तो तसाच उलटा डावीकडे वळला आणि उलटाच लॉनच्या फाटकातून आत घुसू लागला. गाडी उलटी असल्यामुळे मांडवाला आधी दिसली ती मागची काच. आणि मागच्या काचेवर थर्माकोलच्या सोनेरी अक्षरांत नवरदेवाचं आणि नवरीचं नाव होतं. दोन्ही दुसऱ्यांची.

नवरीचा काका फाटकावर स्वागताला उभा होता. त्यानं अक्षरं वाचली आणि हातातलं फुलांचं तबक टाकून गाडीच्या मागे आडवा झाला. “अबे, ही आपली वरात नाही! मागं घ्या! गाडी मागं घ्या!”

“मागंच त येऊन राहिलो, बाप्पा!” आत्या खिडकीतून ओरडली. “आणखी किती मागं घेऊ?”

वर गच्चीवरून एक हसू ऐकू आलं. ते कोणाचं, हे मला त्या क्षणी कळलं नव्हतं. आता रोज ऐकतो, बहुतेक वेळा माझ्यावरच असतं.

तिकडचीही बातमी नंतर कळली. त्यांचा नवरदेव दोन निळे झेंडे फडकावत मांडवासमोर उतरला. महाराजांनी झेंड्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि झेंड्यांना नंतर पाहू असं ठरवून मंगलाष्टकं सुरू केली. मुहूर्त सापडला. दोन्हीकडच्या फोटोवाल्यांनी सगळे फोटो गाडीपाशी काढले, त्यामुळे त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये पानोपानी आमचे झेंडे आहेत, आणि आमच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझ्या डोक्यामागे दुसऱ्याच बाईचं नाव. माझ्या बायकोनं त्यातला एक फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात ठेवलाय. पाहुणे विचारतात, ही कोण? ती म्हणते, यांची पहिली.

आमचं लग्न लागलं. पंचशील झालं, भंतेजींनी आशीर्वाद दिला, आबाजी पहिल्या रांगेत त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मग जेवणं. तोवर पुलाची बातमी लॉनभर पसरून दहा पट झाली होती. त्यातले पाच पट मी स्वतः वाढवले होते. नवरीकडच्यांना फक्त एकच गोष्ट कळत नव्हती, आणि शेवटी माझे सासरे हातातलं ताट सांभाळत आबाजींच्या शेजारी येऊन बसले.

“आबाजी,” ते म्हणाले, “समदं समजलं. पण शेवटी मागं कोण गेलं?”

आबाजी वरणात भात कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“गाड्या,” ते म्हणाले.